चेक पास झालं, विहीर कोरडी : आर पॅकेजच्या रूपात वेब-अ‍ॅप बांधण्याच्या रोजच्या रीतीची समीक्षा



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी मला विचारलं, की तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, आता हे प्रोग्रॅमिंगचं काय मध्येच काढलंत? प्रश्न रास्त आहे. निवृत्तीनंतर मी एका कामात अडकलो, त्या कामात आमच्या हातून एक चूक झाली, आणि त्या चुकीचा विचार करता करता मी एका पुस्तकापाशी आणि एका अवजारापाशी येऊन थांबलो. आज त्या दोहोंची समीक्षा करायची आहे. समीक्षकानं आधी ती वस्तू वापरलेली असावी, एवढी अट मी विद्यार्थ्यांना घालत असे. ती अट या वेळी मी स्वतः पाळली आहे, बरं का.

पुस्तकाचं नाव ‘इंजिनियरिंग प्रॉडक्शन-ग्रेड शायनी अ‍ॅप्स’. कोलिन फे, सेबास्तियां रोशेत, व्हिन्सेंट गुयादे आणि सर्वां जिरार हे त्याचे चार फ्रेंच लेखक. २०२१ साली ते छापून आलं, आणि त्याचा मजकूर इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येतो. अवजाराचं नाव ‘गोलेम’. ते २०१९ पासून सर्वांना उपलब्ध आहे. हे नाव ऐकलं की प्रागची जुनी ज्यू दंतकथा आठवते. एक रब्बाय मातीचा पुतळा घडवतो, त्यात प्राण घालतो, आणि तो पुतळा सांगाल ते काम बिनबोभाट करतो. सांगितलेलं करतो, सांगणाऱ्याला काय हवं होतं, हे मात्र त्याला कळत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा. तिची आई म्हणजे ‘एस’ ही भाषा. १९७६ च्या सुमारास अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सुरू केली. पुढे न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन प्राध्यापकांनी ‘आर’ तयार केली. आर वापरणारे बहुतेक लोक मुळात प्रोग्रॅमर नसतात. कुणी जीवशास्त्रज्ञ, कुणी अर्थशास्त्रज्ञ, कुणी आरोग्य खात्यातला माणूस. हाताशी आकडे आहेत, त्यांचा अर्थ लावायचाय, म्हणून ते आर शिकतात. २०१२ मध्ये ‘शायनी’ आलं आणि या लोकांना एक नवी शक्ती मिळाली. वेबची कुठलीही भाषा न शिकता, नुसत्या आरमध्ये लिहून, ब्राउझरमध्ये चालणारं अ‍ॅप करता येऊ लागलं. यादीतून गाव निवडा, आलेख बदलतो. घसरपट्टी सरकवा, नकाशा बदलतो. एका फाइलीत, दुपारभरात.

आणि दुपारभरात झालेल्या गोष्टीचं पुढे काय होतं, तिथूनच आमची गोष्ट सुरू होते.

आमच्या भागात काही लोक मिळून विहिरींच्या पाण्याची नोंद ठेवतात. दर पंधरवड्याला दोर सोडायचा, मोजायचं, वहीत लिहायचं. एका हुशार विद्यार्थ्यानं त्या नोंदींचं शायनी अ‍ॅप केलं. एकच फाइल, जवळजवळ अठराशे ओळी. चार वर्षं चाललं. मुलगा नोकरीला लांब गेला. मग संगणक बदलला, आरची नवी आवृत्ती बसवली, आणि अ‍ॅप उघडल्यावर गावांची यादीच रिकामी! चुकीचा संदेश नाही, काही नाही, नुसती कोरी चौकट.

कारण शोधायला दोन दिवस लागले. एप्रिल २०२० मध्ये आरची ४.० ही आवृत्ती आली, तेव्हा एक जुनी सवय बदलली. आधी फाइल वाचली की शब्दांच्या रकान्यांचं आपोआप ‘फॅक्टर’मध्ये, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या प्रकारात, रूपांतर व्हायचं. आता शब्द हे शब्दच राहतात. त्या मुलाचा प्रोग्रॅम गावांची यादी फॅक्टरच्या पर्यायांमधून काढत होता. साध्या शब्दांना असे पर्याय नसतातच. म्हणून यादी रिकामी. त्यानं काही चूक केली होती असं मी म्हणणार नाही. ज्या पायावर तो उभा होता तो पाया कोणता, हे त्यानं कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि लिहून ठेवावं असं त्याला कुणी सांगितलंही नव्हतं.

माझी पुतणी आर वापरून पोट भरते. ती म्हणाली, “काका, हे डागडुजी करून टिकायचं नाही. पॅकेज करून परत बांधू या.” तीन महिने संध्याकाळी मी तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. गोलेमशी माझी ओळख झाली ती तिथे.

पॅकेज म्हणजे काय? आरमध्ये दुसऱ्याला वापरायला द्यायची कोणतीही गोष्ट पॅकेजच्या साच्यात घालायची रीत आहे. एक ‘डिस्क्रिप्शन’ फाइल असते. त्यात नाव, आवृत्ती, आणि आपण दुसऱ्या कोणाकोणावर अवलंबून आहोत त्यांची यादी. ‘आर’ नावाच्या फोल्डरमध्ये फंक्शन्स. ‘मॅन’ फोल्डरमध्ये मदतीची पानं. ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये चाचण्या. गोलेमनं सांगितलं, की अ‍ॅपसुद्धा याच साच्यात घाला. गंमत बघा, पॅकेज हा प्रकार मुळात अनेक फंक्शन्स लोकांच्या हातात द्यायला निघाला. इथे आत शंभर फंक्शन्स असली, तरी बाहेरच्या माणसासाठी सहसा एकच दार: ‘रन अ‍ॅप’. वाडा मोठा आणि दिंडी दरवाजा एक, असा प्रकार.

आता रोजचं काम कसं चालतं ते सांगतो. माझ्या मते या पुस्तकाचं खरं योगदान तिथे आहे.

गोलेम तुम्हाला ‘डेव्ह’ नावाचं एक फोल्डर देतं. त्यात तीन क्रमांकित फाइली: पहिली ‘स्टार्ट’, दुसरी ‘डेव्ह’, तिसरी ‘डिप्लॉय’. पहिली एकदाच चालवायची. त्यात नाव, परवाना, चाचण्यांची सोय. तिसरी अ‍ॅप बाहेर पाठवताना. दुसरी मात्र रोजची. नवा मॉड्यूल हवाय? ओळ चालवा, फाइल तयार. मॉड्यूल म्हणजे पडद्याचा एक तुकडा आणि त्याच्यामागचं काम, दोन्ही एकत्र. हिशोबाचं फंक्शन हवंय? दुसरी ओळ. बारीकसारीक मदतनीस हवाय? तिसरी. पॅकेजच्या ‘आर’ फोल्डरमध्ये पोटफोल्डर चालत नाहीत, म्हणून फाइलींच्या नावांनाच उपसर्ग लावायचे: ‘मॉड’, ‘एफसीटी’, ‘युटिल्स’. आडनावावरून घराणं कळावं तसं नावावरून काम कळतं.

याशिवाय ‘रन डेव्ह’ नावाची एक छोटी फाइल आहे. दिवसातून पन्नास वेळा ती चालवायची. आधी ती चढवलेली सगळी पॅकेजेस उतरवते, मग मदतीची पानं नव्यानं लिहिते, आपलं पॅकेज परत चढवते, आणि अ‍ॅप सुरू करते. म्हणजे पॅकेजेसपुरती प्रत्येक वेळी पाटी कोरी. कालचं एखादं पॅकेज चढलेलं राहिलं म्हणून आज चाललं, असा भास होत नाही. आणखी एक ओळ तुमचा सगळा प्रोग्रॅम वाचून, तुम्ही कोणती पॅकेजेस वापरलीत ते हुडकून, डिस्क्रिप्शन फाइल दुरुस्त करते. संध्याकाळी ‘चेक’ चालवायचं. ते पॅकेज बांधून, तपासून, तीन प्रकारचे शेरे देतं: एरर, वॉर्निंग आणि नोट. तिन्ही शून्य आले की गिटमध्ये नोंद करायची आणि दिवा मालवायचा.

याचं मला कौतुक वाटतं, आणि ते मनापासून आहे. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक असं आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ यांत फरक केला. पोहण्याचं पुस्तक वाचून पोहता येत नाही, हे आपण सगळेच जाणतो. प्रोग्रॅमिंगच्या बहुतेक पुस्तकांत पहिल्या प्रकारचं ज्ञान भरलेलं असतं. या चौघांनी दुसऱ्या प्रकारचं ज्ञान, म्हणजे हाताचं वळण, फाइलीत उतरवून दिलं. ज्यानं कधी इंजिनियरिंगची पायरी चढली नाही, अशा जीवशास्त्रज्ञालाही ते वळण पहिल्या दिवसापासून मिळतं. आमच्या अठराशे ओळींच्या फाइलीला हे वळण मिळालं असतं, तर चेकनं आणि दोन साध्या चाचण्यांनी ती रिकामी यादी पहिल्याच दिवशी पकडली असती. यात मला शंका नाही.

नवं अ‍ॅप फेब्रुवारीत उभं राहिलं. चेक चालवलं: शून्य एरर, शून्य वॉर्निंग, शून्य नोट. पुतणीनं पेढे आणले.

मे महिन्यात वही ठेवणाऱ्या ताईंचा फोन आला. त्या मला सर म्हणतात. म्हणाल्या, “सर, त्या नकाशात आमच्या वरच्या वस्तीची विहीर गडद निळी दिसतेय. ती तर मार्चपासून कोरडी आहे.”

आम्ही वही मागवली. रकान्याचं नाव होतं ‘पाण्याची खोली, मीटर’. आता मराठीतली ही षष्ठी बघा. पाण्याची खोली म्हणजे विहिरीत पाणी किती खोल आहे ते? की पाणी किती खोलवर लागतं ते? ताई दोर सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजत होत्या, म्हणजे दुसरा अर्थ. आकडा मोठा तर पाणी खाली गेलेलं. आम्ही प्रोग्रॅममध्ये तोच अर्थ धरला होता, आणि तो बरोबर होता. पण विहीर कोरडी पडली की ताई तिथे शून्य लिहीत. का? पाणी नाही, म्हणून शून्य. त्यांच्या बाजूनं हे अगदी सरळ आहे. आणि आमच्या प्रोग्रॅमच्या बाजूनं शून्य म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीला, विहीर काठोकाठ! जितकी विहीर कोरडी, तितका नकाशात रंग निळा.

त्या अ‍ॅपमधून टँकरच्या मागणीसाठी गावांची यादी निघत असे. त्या पंधरवड्याच्या यादीत वरच्या वस्तीचं नाव सगळ्यात शेवटी गेलं. तिथे टँकर आठ दिवस उशिरा पोचला. चूक आमची होती. ताईंची नव्हे, गोलेमची नव्हे. पण चेक मात्र तेव्हाही शून्य, शून्य, शून्यच दाखवत होतं. आणि सर्वांत बोचणारी गोष्ट म्हणजे, शून्य दिलं की उत्तर ‘काठोकाठ’ यावं, अशी चाचणी आम्ही स्वतः लिहिलेली होती. ती रोज पास होत होती.

इथून माझ्या आक्षेपाला सुरुवात होते.

तत्त्वज्ञानात सत्याविषयी दोन जुन्या कल्पना आहेत. एक सुसंगतीची: विधानं एकमेकांशी जुळली पाहिजेत. दुसरी यथार्थतेची: विधान वस्तुस्थितीशी जुळलं पाहिजे. गोलेमची सगळी रोजची रीत पहिल्या प्रकारची आहे. प्रोग्रॅममध्ये वापरलेलं पॅकेज डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलंय का? फंक्शनचे घटक आणि मदतीच्या पानातले घटक जुळतात का? चाचणीत अपेक्षिलेलं उत्तर आणि आलेलं उत्तर एकच आहे का? सगळं कागदाचं कागदाशी जुळवणं. विहिरीपर्यंत यातली एकही तपासणी जात नाही. आणि ती जाऊ शकतही नाही, यंत्र बिचारं काय करणार! माझी तक्रार यंत्राबद्दल नाहीच. तीन शून्यं दिसली की माणूस विहिरीकडे बघायचं थांबवतो, ही माझी तक्रार आहे. मी स्वतः थांबवलं होतं.

तुम्ही म्हणाल, लेखक काय करणार? त्यांनी तर अवजार दिलं. ठीक. मग अवजाराचे साचेच बघू या. नवा मॉड्यूल तयार करायला सांगितलं, की गोलेम फाइलीच्या डोक्यावर वर्णनाची जागा आधीच भरून देतं. काय लिहितं? ‘एक शायनी मॉड्यूल’ अशा अर्थाचं वाक्य. शेजारी मॉड्यूलच्या घटकांचं वर्णनही तयार: शायनीचे अंतर्गत घटक. खाली आणखी एक खूण असते, तिचा अर्थ असा, की याचं मदतीचं पान करू नये. म्हणजे बघा, जिथे ‘हा तुकडा जगातल्या कशाबद्दल आहे’ हे लिहायचं, ती जागा आधीच एका वाक्यानं व्यापलेली. जागा रिकामी असती, तर कदाचित माणसाला टोचली असती. भरलेली जागा टोचत नाही. आमच्या अ‍ॅपमध्ये नऊ मॉड्यूल होते, आणि ते मी नंतर मोजले, त्यांतल्या आठांवर तेच वाक्य जसंच्या तसं होतं.

चाचण्यांचंही तसंच. गोलेम काही शिफारस केलेल्या चाचण्या तयार करून देतं. पडद्याचा भाग योग्य प्रकारचा आहे का, सर्व्हर हे फंक्शन आहे का, अ‍ॅप सुरू होतं का. या हव्यातच. पण नवशिक्याला त्यांतून काय शिकवण मिळते? चाचणी म्हणजे वस्तूचा आकार तपासणं. अर्थाची चाचणी कशी दिसते, याचा एकही नमुना त्या साच्यात नाही.

आणि ते ‘डेव्ह’ फोल्डर. त्याची मला फार आशा वाटली होती, कारण ते म्हणजे कामाची रोजनिशी. पॅकेज बांधताना वगळायच्या गोष्टींची एक यादी असते, तिच्यात गोलेम हे फोल्डर आधीच घालून ठेवतं. त्यामुळे तयार पॅकेजमध्ये ते येत नाही. तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर आहे; घर बांधून झाल्यावर परांची कोण ठेवतो? पण त्या फाइलींत उघडून पाहिलं तर नुसत्या आज्ञा आहेत. हे जोड, ते तयार कर, ते चालव. का जोडलं, कुणी सांगितलं, काय नाकारलं, याला ओळ नाही. रोजनिशीत फक्त क्रियापदं.

पीटर नाउर हे डेन्मार्कचे संगणकशास्त्रज्ञ. १९८५ साली त्यांनी एक निबंध लिहिला, प्रोग्रॅमिंग म्हणजे सिद्धान्त उभारणं, अशा अर्थाच्या शीर्षकाचा. त्यांनी आधार घेतला तो राइल यांचाच. नाउर यांचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोग्रॅमचा जीव त्याच्या ओळींत नसतो. जगातली कोणती गोष्ट प्रोग्रॅममधल्या कोणत्या गोष्टीशी जुळते, आणि का, याची जी समज प्रोग्रॅमरच्या डोक्यात असते तिच्यात तो असतो. ती माणसं पांगली, की ओळी शाबूत राहूनही प्रोग्रॅम मरतो. नाउर तर म्हणतात की कागदपत्रांतून ती समज पुरती पोचवताच येत नाही. एवढ्या टोकाला मी जाणार नाही. पुरती नाही पोचणार, पण ‘शून्य म्हणजे काय’ एवढं एक वाक्य नक्की पोचतं. आमचा तो विद्यार्थी ही समज घेऊन गेला होता. नंतर आम्ही त्याला फोन केला तेव्हा तो सहज म्हणाला, “हो सर, शून्य आलं की मी ती नोंद बाजूला काढायचो.” अठराशे ओळींत कुठेतरी ती ओळ होती. नीट बांधणी करताना आम्ही ती निरर्थक समजून काढून टाकली!

आता न्याय्य बोलायचं तर दुसरी बाजू मांडलीच पाहिजे. पुस्तक आणि अवजार यांत इथे मोठा फरक आहे. पुस्तकात कामाच्या पाच पायऱ्या आहेत: आराखडा, नमुना, बांधणी, मजबुती आणि रवानगी. आराखड्याच्या भागात लेखक बजावून सांगतात, की घाईनं प्रोग्रॅम लिहायला बसू नका, वापरणारा कोण, त्याला काय हवंय, ते आधी विचारा. नमुन्याच्या भागात तर याहून मोलाचा सल्ला आहे: हिशोबाचा भाग अ‍ॅपच्या बाहेर, आधी एका साध्या वाचनीय दस्तऐवजात लिहा. मजकूर आणि गणित एकत्र, म्हणजे प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही तो वाचता येईल. आम्ही हा सल्ला मानला असता, आणि तो कागद ताईंना वाचून दाखवला असता, तर त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत आम्हाला थांबवलं असतं. औषध पुस्तकात होतं. आम्ही ते प्रकरण चाळून पुढे गेलो, कारण अवजार हाताला लागलं होतं आणि हात शिवशिवत होते.

पण समीक्षक म्हणून मला पुढचा प्रश्न विचारावा लागतो. ज्या लेखकांनी हाताचं वळण फाइलीत उतरवण्याची किमया केली, त्यांनी हे वळण का नाही उतरवलं? मदतीचं पान विसरलं तर रोजची रीत आठवण करते. अवलंबन विसरलं तर आठवण करते. विचारायचं विसरलं तर काहीच होत नाही. पाच पायऱ्यांतल्या पहिल्या दोन पायऱ्या पुस्तकात राहिल्या, आणि उरलेल्या तीन अवजारात गेल्या. पुस्तक एकदा वाचलं जातं, अवजार रोज वापरलं जातं. त्यामुळे आकारांची शिस्त रोजची होते आणि अर्थाची शिस्त मुहूर्ताची.

नमुन्याच्या भागात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल मी साशंक आहे. याच मंडळींचं ‘शिनिप्सम’ नावाचं एक पॅकेज आहे. ते खोटे आलेख, खोटे तक्ते तयार करून देतं, म्हणजे खरा हिशोब होण्याआधी पडदा कसा दिसेल ते दाखवता येतं. कल्पना सोयीची आहे, वेळ वाचतो. पण आम्ही ताईंना असाच एक पडदा दाखवला होता. त्यांनी रंग पाहिले, अक्षरांचा आकार पाहिला, “छान आहे सर” म्हणाल्या. खोट्या आकड्यांवर खरा माणूस आक्षेप घेऊ शकत नाही. त्यांच्या वहीतले दहा खरे आकडे तिथे असते, तर त्या लगेच बोलल्या असत्या.

मग आम्ही काय बदललं, ते सांगतो. फार काही नाही. वहीत कोरडी विहीर शून्यानं लिहायची नाही. त्यासाठी वेगळा रकाना केला. न मोजलेली, कोरडी, आणि मोजलेली, अशा तीन स्थिती प्रोग्रॅममध्ये वेगळ्या धरल्या. हिशोबाच्या प्रत्येक फंक्शनवर पहिलं वाक्य जगाबद्दल असलं पाहिजे: हा आकडा कशाचा, कुठून मोजला, कोणत्या एककात. साच्यातलं वाक्य दिसलं तर नापास होणारी एक चाचणी पुतणीनं लिहिली. चार ओळींची आहे. आणि महत्त्वाच्या चाचण्यांमधली उदाहरणं आम्ही बनवत नाही, ताई देतात. वहीतल्या तीन नोंदी त्या निवडतात, आणि त्या विहिरीबद्दल नकाशानं काय म्हणावं ते आम्हाला सांगतात. न्यायदर्शनात शब्दप्रमाणाच्या चर्चेत आप्त कोण, याची व्याख्या आहे. ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनांनी तर स्पष्ट म्हटलं आहे, की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. आमच्या प्रकल्पात दोर ताईंच्या हातात होता. आप्त त्याच. आणि पॅकेजमध्ये त्यांचं वाक्य कुठेच नव्हतं.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक छोटी पण कामाची गोष्ट. आरच्या प्रोग्रॅममध्ये तुम्ही बटणावरचा मजकूर देवनागरीत लिहिलात, की चेक वॉर्निंग देतं: पॅकेज सर्वत्र चालायचं तर प्रोग्रॅमच्या ओळींत फक्त साधी इंग्रजी अक्षरचिन्हं असावीत. टिपणांमध्ये देवनागरी चालते. पहिल्यांदा मला राग आला. एक उपाय म्हणजे प्रत्येक अक्षराचा सांकेतिक क्रमांक लिहायचा. मग ‘विहीर’ हा शब्द आकड्यांच्या रांगेसारखा दिसतो आणि कुणालाच वाचता येत नाही. आम्ही दुसरा उपाय केला. सगळा मराठी मजकूर एका साध्या तक्त्यात काढला आणि तो तक्ता पॅकेजमध्ये ठेवला. त्याचा अनपेक्षित फायदा असा झाला, की तो तक्ता ताईंना उघडता येऊ लागला. ‘पाण्याची खोली’ हे नाव त्यांनीच बदललं. आता तिथे ‘दोर किती गेला’ असं आहे. हा वाक्प्रयोग आम्हा दोघांना कधीच सुचला नसता.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आलाय तो घेतो आणि संपवतो. प्रश्न असा: प्रत्येक लहानसहान अ‍ॅपसाठी एवढा पॅकेजचा पसारा मांडावा का?

नाही, मांडू नये. स्वतःचा आलेख स्वतः पाहायचा असेल, तर एक फाइल पुरे. माझ्या मते रेघ इथे ओढावी: तुमच्या अ‍ॅपकडे पाहून दुसरा कुणी माणूस निर्णय घेणार असेल, तर पॅकेज करा, आणि गोलेम वापरायला अजिबात कचरू नका. आम्ही अजूनही तेच वापरतो. पुतणी अजून रोज पन्नास वेळा ‘रन डेव्ह’ चालवते, आणि संध्याकाळी चेक. फक्त ‘डेव्ह’च्या दुसऱ्या फाइलीत, चेकच्या ओळीच्या वर, आम्ही एक टिपण देवनागरीत लिहून ठेवलं आहे: ‘ताईंना शेवटचं कधी विचारलं?’ आणि पुढे तारीख. काल मी पाहिलं, तर तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती. आज घरी गेल्यावर फोन करायचा आहे.